थांबण्याचा वाटा

सायप्रसमध्ये, निकोसियाच्या त्या इमारतीतून घरी इस्रायलला फोन करायचा म्हणजे सिगलीत वाक्रुळकरला दोन गोष्टींचं भान ठेवावं लागे. एक म्हणजे बोललेला शब्दन् शब्द ध्वनिमुद्रित होत होता. आणि दुसरं म्हणजे, आई मराठीतच बोलणार हे ओळखून, ती ज्या आयोगावर होती त्यानं मराठी कळणारा एक माणूस मुद्दाम शोधून नेमला होता.

"काय गो सिगी, तुमच्या मशीननं तोंड उघडलं की नाय?" आईनं पहिलाच प्रश्न टाकला.

"आई, त्याबद्दल बोलायचं नाही. किती वेळा सांगू?"

"मग काय बोलू? हितं लोदमध्ये दुसरं कोण काय बोलतंच नाय. खालचा भाजीवाला तेच, सिनेगॉगमध्ये तेच. तुझ्या दादाचे, एल्कानाचे ते पाइप पडलेत यार्डात ऊन खात. कधी घालणार म्हटलं, तर म्हणतो निकाल लागू दे. शेजारणीच्या मुलाचं लग्न, तेपण निकाल लागल्यावर. अख्खा देश हात बांधून बसलाय बघ."

"नोआमचा फोन आला होता?"

"आला होता. फाटकावर उभं राहून पाय दुखतात म्हणाला. पोरगा वाळलाय तुझा. तू लवकर आटप तुझं ते."

सिगलीतनं हसून फोन ठेवला, पण आईचं बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नाही.

वाक्रुळकर कुटुंब मूळचं पेण तालुक्यातलं, मराठी ज्यू. सिगलीतची आई लहानपणी आईबापांचं बोट धरून इस्रायलला आली आणि लोदच्या एका चौथ्या मजल्यावर तिचा उभा जन्म गेला. घरात मराठी, बाहेर हिब्रू. आणि खालच्या रस्त्यावर अरबी, कारण गावात ज्यू आणि अरब दोन्ही राहत. सिगलीत शिकली ती हवामानशास्त्र, आणि त्यातही एक विचित्र शाखा: दोष कोणाचा हे ठरवण्याची.

ते शास्त्र ऐकायला सोपं होतं. समजा, एखाद्या खोऱ्यात भयंकर पूर आला. माणसानं हवेत सोडलेल्या धुरामुळे तो आला की तो तसाही आला असता? प्रत्यक्ष पृथ्वी एकच, ती मागे नेऊन पुन्हा चालवता येत नाही. म्हणून संगणकात दोन पृथ्व्या करायच्या. एकीत धूर आहे तसा ठेवायचा, दुसरीतून तो काढून टाकायचा. दोन्ही हजारो वेळा चालवायच्या. धूर असताना पूर शंभरातून दहादा आला आणि नसताना दोनदा, तर त्या पुरातला धुराचा वाटा सांगता येतो. एखाद्या ठरावीक थेंबाला तो लागू होत नाही, पण पुराला होतो.

मग कोणीतरी हेच गणित इतिहासाला लावून पाहिलं. इस्रायली आणि पॅलेस्टिनी, दोन्हीकडची सरकारी दफ्तरं, वर्तमानपत्रं, तहाच्या बैठकांची टिपणं, पाण्याचं वाटप, मजुरीचे दर, सीमेवरची वर्दळ, निवडणुका, अंत्ययात्रा, सगळं त्या यंत्राला भरवण्यात आलं. त्यातून त्यानं कोट्यवधी बनावट माणसांचे दोन समाज उभे केले. खऱ्या समाजांनी जे केलं, जवळपास तेच हे समाज करू लागले. मग त्यातून एक हल्ला काढून घ्यायचा, एक वसाहत काढून घ्यायची, एक मोडलेला शब्द पाळला गेला असं धरायचं आणि पुन्हा चालवायचं. शांतता किती वेळा होते, किती वेळा नाही, ते मोजायचं. शांतता सारखी का अडते आणि त्यात कोणाचा किती वाटा, याचं उत्तर यंत्र आकड्यात देणार होतं. सायप्रसच्या भूमीवर उभं राहिलं म्हणून त्याला ग्रीक नाव दिलं गेलं: झिगॉस. म्हणजे तराजू.

वाटाघाटी इतकी वर्षं ठप्प होत्या की दोन्ही सरकारांनी शेवटी हे मान्य केलं. करारातलं एक कलम मात्र धारदार होतं. ज्याचा वाटा मोठा निघेल, त्यानं पहिलं पाऊल टाकायचं. ती पावलं आधीच ठरली होती. दोघांची वेगवेगळी होती आणि दोघांनाही जड होती.

निकाल तपासून त्यावर सही करायला सहा शास्त्रज्ञांचा एक आयोग नेमला गेला, तीन इकडचे, तीन तिकडचे. अध्यक्ष होते उरुग्वेचे एक निवृत्त न्यायाधीश, अल्दाना. सहाही जणांवर एक कडक बंधन होतं. निकाल लागेपर्यंत कोणीही दोन्हीपैकी कुठल्याही सरकारच्या माणसाकडे, मग तो मंत्री असो की शिपाई, स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी काहीही मागायचं नाही. कोणी मागितलं, तर ज्याला निकाल नको असेल तो पक्ष तो रद्द करून घेऊ शकत होता.

तिकडच्या तिघांत लमीस हम्दान होती. पॅलेस्टिनी तुलकर्म गावची. साथींच्या रोगांची आकडेवारी करता करता ती या कामात आली होती. पहिले काही महिने दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. मोजणी कुठल्या सालापासून सुरू करायची, यावरून तर त्या हमरीतुमरीवर आल्या. कारण साल थोडं मागे नेलं की काटा एकीकडे झुके, पुढे आणलं की दुसरीकडे. शेवटी एकच साल न धरता सगळी धरायची आणि सरासरी घ्यायची, असं लमीसनंच सुचवलं. त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एका टेबलावर जेवल्या.

मग हळूहळू कळत गेलं. लमीसचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी इस्रायली लष्कराच्या छाप्यात गेला होता. सिगलीतची वहिनी, एल्कानाची बायको, बसमधल्या स्फोटात गेली होती. दोघींनी हे एकमेकींना एकदाच सांगितलं.

लमीसचे वडील, यूसुफ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन व्हायचं तर ते इस्रायली लष्कराच्या फाटकापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे जायला परवाना हवा. अर्ज कोणी नाकारला नव्हता. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे, एवढंच उत्तर येई.

आणि त्याच फाटकावर, तुलकर्मच्या वेशीवर, सिगलीतचा मुलगा नोआम लष्करी सेवेत पहाऱ्याला होता. दोघींनाही हे माहीत होतं, पण त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

*

आकडा आला तो एका सकाळी, कॉफी निवायच्या आत.

पडद्यावर दोनच ओळी होत्या. शंभरातले चोपन्न इस्रायलकडे, सेहेचाळीस पॅलेस्टिनी बाजूकडे. खाली बारीक अक्षरात चुकीची मर्यादा: सहा इकडे किंवा सहा तिकडे.

आपण शास्त्रज्ञ आहोत, असं सिगलीतनं स्वतःला बजावलं, तरी पहिला विचार आईचा आला. खालच्या भाजीवाल्यासमोर ती आता काय बोलेल?

लमीस खुर्चीत बसली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "परत दाखव," ती म्हणाली.

सिगलीतनं परत दाखवलं.

"म्हणजे मला भास होत नाहीये." लमीसचा आवाज एकदम लहान झाला. "आयुष्यभर ऐकत आले, तुम्हीच संधी घालवल्यात, तुम्हीच. आज पहिल्यांदा एक वस्तू, जिला आई नाही, बाप नाही, देश नाही, ती म्हणतेय की नाही, निदान एकट्या तुम्ही नाही."

"लमीस, मर्यादा सहाची आहे. चोपन्नाचे अठ्ठेचाळीसही असू शकतात. खरं तर यातून कोणाचा मोठा हे ठरतच नाही."

"मला गणित येतं."

"मग कलमात ही मर्यादा धरा, असं आपण अध्यक्षांना सांगायला नको?"

लमीसनं तिच्याकडे पाहिलं. "आकडा उलटा आला असता, सेहेचाळीस तुमचे आणि चोपन्न आमचे, तर तुला मर्यादा इतक्या लवकर आठवली असती?"

आठवली असती, असं सिगलीतला वाटत होतं. पण खात्री नव्हती.

सह्यांना आठवडा होता. तेवढ्यात आकडा बाहेर फुटू नये म्हणून इमारतीचे दरवाजे बंद झाले. सिगलीत आपल्या खोलीत बसून जुन्या सवयीनं एक शेवटची चाचणी करू लागली. हवामानाच्या कामात ती ही नेहमी करी. सगळा काळ न घेता फक्त अगदी अलीकडचा तुकडा घ्यायचा आणि आत्ता, या घटकेला, सगळ्यात जास्त जोर कशाचा लागतोय ते पाहायचं. तिनं आयोगाची स्थापना झाली त्या दिवसापासून आजवरचा तुकडा घेतला. त्यातून एकेक गोष्ट काढून यंत्र चालवून पाहिलं. रॉकेट काढली. धाडी काढल्या. भाषणं काढली. शांततेची शक्यता दर वेळी जराशी हलली, पण फारशी नाही. एक काढलं की त्याची जागा दुसरं घेत होतं.

मग तिला आईचं बोलणं आठवलं.

एल्काना पाणी खात्यात अभियंता होता. तुलकर्मकडून वाहत येणारा एक घाण ओढा दोन्हीकडच्या शेतांतून जाई. तो साफ करायचा, तुलकर्मच्या एका अभियंत्यासोबत केलेला आराखडा दोन्ही बाजूंना मान्य होता, पैसे मंजूर होते, पाइप आले होते. त्याला कोणाचाच विरोध नव्हता. तो फक्त निकालासाठी थांबला होता. परवाने, शाळा, मजुरांचे पास, कैद्यांची अदलाबदल, सगळं तसंच थांबलं होतं. आपल्या बाजूचा वाटा कमी दिसावा म्हणून नवं वाईट करायला दोघेही कचरत होते, हे खरं. पण चांगलं करायलाही कोणी धजत नव्हतं, कारण आज काही दिलं तर तो अपराधाचा कबुलीजबाब ठरेल.

सिगलीतनं यंत्रातून आयोगच काढून टाकला. झिगॉसही काढला. निकाल लागणार आहे ही बातमीच काढली. आणि पुन्हा चालवलं.

पडद्यावरची रेघ, जी महिनोन् महिने खाली घसरत होती, ती सपाट झाली आणि पुढे थोडीशी वर उचलली गेली.

तिनं तीनदा तपासलं. फरक राहिलाच. या सरत्या काळात शांतता अडवून धरणारं एकच सर्वांत मोठं कारण होतं, आणि ते म्हणजे थांबणं. दोष कोणाचा हे कळेपर्यंत थांबणं.

*

"म्हणजे तराजूच दोषी," लमीस म्हणाली.

कँटीनच्या मागच्या गच्चीवर दोघी उभ्या होत्या. खाली बागेत पहारेकरी लिंबाच्या झाडाखाली सिगरेट ओढत होता.

"तराजू आणि आपण. हे निकालासोबत जाहीर करायलाच हवं."

"किती सोयीचं!" लमीस हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "काटा तुमच्याकडे झुकला आणि नेमकं त्याच आठवड्यात तुला कळलं की वजन करणं हेच पाप आहे."

"मी आकडा लपवायला सांगत नाहीये. दोन्ही सांगू. चोपन्न सांगू आणि हेही सांगू."

"दोन्ही सांगितलं की तुमची माणसं दुसरं उचलतील. यंत्रावर त्याच्याच शास्त्रज्ञांचा विश्वास नाही म्हणतील. पहिलं पाऊल कोणी टाकणार नाही." लमीस कठड्याला टेकली. "तुला थांबण्याचा कंटाळा आलाय, सिगलीत. मला कळतं. पण तुमच्याकडे थांबणं म्हणजे लग्न पुढे ढकलणं. आमच्याकडे थांबणं म्हणजे काय, ते मला तू यंत्रावर मोजून दाखवू नकोस. मी ते जगतेय. तरीही मी म्हणते, आणखी एक आठवडा थांबू. मला तो आकडा मोठ्यानं उच्चारलेला ऐकायचाय."

सिगलीत अध्यक्षांकडे गेली. अल्दानांनी तिचा आलेख बराच वेळ पाहिला. ते थकलेले दिसत होते.

"डॉक्टर वाक्रुळकर, न्यायाधीश स्वतःला खटल्यात गोवत नाही. आयोग मोजणीच्या बाहेर आहे, असं करारात म्हटलंय."

"पण आयोग जगाच्या बाहेर नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "पण सह्या झाल्या की तो संपेल, आणि मग हे थांबणंही संपेल. एक आठवडा."

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं नव्हतं, पण तीही थांबायला तयार झाली.

*

सह्यांच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाला नुकती सुरुवात झाली असताना लमीसचा फोन वाजला. तिच्या मोठ्या भावाच्या बायकोचा होता. लमीस ऐकत राहिली आणि तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"बाबा कोसळलेत," ती फोन बाजूला धरून म्हणाली. "तुलकर्मच्या डॉक्टरांनी हात टेकले. अँब्युलन्स फाटकाशी उभी आहे. परवाना नाही म्हणून आत घेत नाहीत. वरिष्ठ अधिकारी जागेवर नाही म्हणे."

सिगलीत उठलीच. "मी नोआमला फोन करते."

"नाही."

"लमीस!"

"बस खाली." लमीसनं तिचं मनगट धरलं. "तू फोन केलास की उद्या सही नाही. तुमच्या लोकांना एवढंच हवंय. एक चूक, एका सदस्याची. आकडा गेला म्हणून समज."

"अगं, तुझे वडील आहेत ते!"

"माझे आहेत म्हणूनच सांगतेय. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, माझ्या हयातीत लागेल का गं निकाल? माझी झडप दुरुस्त होईल का, असं नाही विचारलं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "फोन करू नकोस. माझ्यासाठी करू नकोस."

लमीस फोन कानाला लावून बाहेर निघून गेली.

सिगलीत एकटी टेबलाशी उरली. लमीस सांगते ते ऐकायचं, तो तिचा अधिकार आहे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन त्या रेघेकडे पाहत होतं, थांबण्यानं खाली खाली जाणाऱ्या. एक म्हातारा फाटकाशी मरतोय, तिथे आपला मुलगा उभा आहे, आणि आपण नियम पाळत बसलोय. आणि कुठेतरी खूप खोल, जिथे माणूस स्वतःही फारसा जात नाही, तिथे तो चोपन्नचा आकडाही बसलेला होता का? त्यानंही तिचा हात फोनकडे ढकलला का? पुढे कितीही वेळा विचार केला, तरी याचं उत्तर तिला देता आलं नाही.

तिनं फोन लावला.

"नोआम, तुझ्या फाटकाशी एक अँब्युलन्स आहे. आत एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांना सोड. मी मागतेय तुझ्याकडे, त्यांना जाऊ दे."

पलीकडून हिब्रूत आईला हाक मारणारा नोआमचा गोंधळलेला आवाज आला. "ईमा? ती गाडी कधीच गेली."

"गेली?"

"मी मघाशीच सोडली. म्हातारा निळा पडायला लागला होता. अधिकारी येईपर्यंत थांबलो असतो तर संपलाच असता. ओरडतील मला आता, बघू. पण ईमा, तू का फोन केलास? तुला तर असं काही करायचं नसतं ना?"

त्यानंतर नोआम काय म्हणाला, ते सिगलीतला ऐकूच आलं नाही.

*

संध्याकाळपर्यंत नोंदकक्षानं ते ध्वनिमुद्रण अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं, आणि दोन्ही शिष्टमंडळांना ते देणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या वेळी इस्रायली शिष्टमंडळाचा प्रमुख उभा राहिला. सदस्यानं नियम मोडला आहे, निकाल आम्हाला बंधनकारक नाही, असं त्यानं शांतपणे वाचून दाखवलं. ती सदस्य त्यांचीच होती, हे कोणाच्याही लक्षात येण्यासारखं होतं. पण त्याला करारात काही आडकाठी नव्हती.

आकडा मोहोरबंद झाला. आयोग बरखास्त झाला.

तिच्या देशातल्या वाहिन्यांनी तिला डोक्यावर घेतलं. शत्रूच्या बापाचा जीव वाचवायला धावलेली आई! फुलं आली, मुलाखतीची बोलावणी आली. तिकडे रामल्लाच्या चौकात तिचं चित्र जाळलं गेलं. हरतोय म्हटल्यावर डाव उधळणारी बाई, असं त्याखाली लिहिलं होतं. आणि नोआमला, हुकमाविना फाटक उघडलं म्हणून, लष्करी कोठडीत टाकलं.

लमीस तिला इमारतीच्या जिन्यात भेटली. हातात बॅग होती. वडिलांना भेटायला जायची परवानगी तिला मिळाली होती.

"कसे आहेत?" सिगलीतनं विचारलं.

"जगले. ऑपरेशन झालं." लमीस एक पायरी वर उभी होती. "तू फोन केला नसतास, तरी जगले असते. हिशोब तूच शिकवलास ना मला? एक गोष्ट काढायची आणि पुन्हा चालवून बघायचं. काढ तुझा फोन. बाबा जिवंत आहेत आणि आकडाही जिवंत आहे."

"मला माहीत नव्हतं, लमीस."

"मी नको म्हटलं होतं. ते तर माहीत होतं?"

ती उतरून गेली.

सिगलीत त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं निकोसियातल्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावलं. निकालाबद्दल बोलायला तिला बंदी होती. बोललं तर खटला भरला जाईल, हे तिला वकिलानं दोनदा सांगितलं. ती तरीही बोलली. कागद न घेता, उभी राहून.

"झिगॉसचा आकडा मी पाहिला आहे," ती म्हणाली. "शंभरातले चोपन्न आमच्याकडे, सेहेचाळीस त्यांच्याकडे. चुकीची मर्यादा सहा, म्हणून कोणाचा वाटा मोठा हे खात्रीनं सांगता येत नाही. पण दोघांचाही वाटा फार मोठा आहे, हे खात्रीनं सांगता येतं. आणि आयोग नेमल्यापासूनच्या काळात सगळ्यात मोठा वाटा आमच्या आयोगाचा होता. त्याच्याकडे बघत आपण सगळे थांबून राहिलो, त्याचा."

एका वार्ताहरानं विचारलं, "आणि तुमचा स्वतःचा वाटा किती?"

सभागृहात कोणीतरी हसलं. सिगलीत हसली नाही.

"माझ्या फोननं कोणाचाही जीव वाचला नाही. तो वाचवला माझ्या मुलानं, आणि तो मला न विचारता वाचवला. निकाल मात्र माझ्या फोननंच गेला. सगळाच्या सगळा. एवढं मोजायला यंत्र लागत नाही."

दुसऱ्या दिवशी तिकडच्या वर्तमानपत्रांनी चोपन्न छापलं आणि मर्यादा गाळली. इकडच्यांनी मर्यादा छापली आणि चोपन्न गाळलं. आयोगाबद्दलचं वाक्य बहुतेकांनी आतल्या पानावर टाकलं. फुलं यायची बंद झाली. आईचा फोन आला.

"खालचा भाजीवाला बोलत नाय माझ्याशी," आई म्हणाली. "दरवाज्यावर कोणीतरी काळा रंग फासलाय. एल्काना खरवडतोय."

"आई, मी..."

"तू खरं बोललीस का? तेवढं सांग."

"हो."

"मग ये घरी. रंग काय, निघतो." पण रंग लवकर निघणार नाही हे दोघींनाही कळत होतं.

*

लार्नाकाच्या विमानतळावर काही आठवड्यांनी दोघींची गाठ पडली, ती योगायोगानं नाही. बरखास्त आयोगाच्या शेवटच्या आवराआवरीसाठी दोघींना बोलावलं होतं, आणि परतीच्या दिवशी लमीस स्वतः तिच्या बाकावर येऊन बसली. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"तू मोठ्यानं सांगितलास तो आकडा," समोरच्या काचेतून धावपट्टीकडे पाहत ती म्हणाली. "बाबांनी रुग्णालयात पडल्या पडल्या ऐकला. आवाज वाढवायला लावला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, फक्त चोपन्न?" लमीसच्या ओठांच्या कडा हलल्या, पण लगेच पुन्हा घट्ट झाल्या. "तो फोन मी विसरणार नाही, सिगलीत. तुझ्याबद्दल वाईट वाटत नाही असं नाही. पण तू माझ्या वतीनं ठरवलंस. आयुष्यभर आमच्या वतीनं कोणीतरी दुसरंच ठरवत आलंय. तुझ्याकडून मी ती अपेक्षा केली नव्हती."

सिगलीतनं मान खाली घातली. माफी मागावी असं तिला वाटलं. पण मागितली, की माफ करायचं ओझं पुन्हा लमीसवर जाईल, म्हणून ती गप्प राहिली.

"मुलाला सोडलं का?"

"सोडलं. फाटकावरून काढलं. आता कोठारात मोजदाद करतो."

"बाबांना त्याचं नाव हवंय. मी दिलं नाही. तुला विचारल्याशिवाय नाही देणार."

सिगलीतनं तिच्याकडे पाहिलं. "नोआमलाच विचारते. तो सांगेल द्यायचं की नाही."

लमीसनं मान डोलावली. हे उत्तर तिला योग्य वाटलं असावं.

समोर दोन रांगा लागायला लागल्या होत्या. एक तेल अवीवच्या विमानाची, दुसरी अम्मानच्या, कारण लमीसला घरी जायला तिकडून फिरून जावं लागे. दोघी उठल्या.

"आता पुढे काय?" सिगलीतनं विचारलं. "वाटाघाटी नाहीत. निकाल नाही. यंत्र बंद."

"पुढे काय ते मला नाही माहीत." लमीसनं बॅग खांद्यावर घेतली. "पण आता ज्यासाठी थांबावं असं काही उरलेलं नाही, एवढं खरं."

हे ती हताशपणे म्हणाली की दुसऱ्या कशानं, ते सिगलीतला कळलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती रेघ आली, सगळं काढून टाकल्यावर किंचित वर उचलली गेलेली. ते लमीसला सांगावं असं तिला फार वाटलं. पण लमीसनंही तो आलेख पाहिला होता, आणि तीही काही बोलली नव्हती.

लमीस आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे एक बाई कडेवर मूल घेऊन पासपोर्ट शोधत होती, तेव्हा लमीसनं ते मूल आपल्याकडे घेतलं. सिगलीत आपल्या रांगेकडे वळली. तिनं फोन काढला आणि सगळ्यात आधी एल्कानाला लावला.

"दादा," ती मराठीतून म्हणाली, आणि हे कोणी ऐकत असलं तरी आता तिला पर्वा नव्हती. "तुलकर्मच्या त्या अभियंत्याचा नंबर अजून आहे ना तुझ्याकडे? मग पाइप घालायला घेऊ म्हणून त्याला आजच फोन कर. कोणाला विचारू नकोस."

"आणि तो नाही म्हणाला तर?" एल्कानानं विचारलं.

"तर उद्या परत कर," सिगलीत म्हणाली, आणि रांग पुढे सरकली तशी चालू लागली.